घरच्या बागेसाठी बॅटरीवरचा हेज ट्रिमर कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमधल्या पहिल्या दोन-चार जोरदार सरी झाल्या की पुण्यातली कुंपणं हाताबाहेर जाऊ लागतात. डुरांटा फूटपाथवर झुकतो, मेंदी गेटच्या कडीपर्यंत पोचते आणि माळीकाकांना त्याच आठवड्यात सगळीकडून बोलावणी येतात. मग घरात विषय निघतो: हेज ट्रिमर, म्हणजे कुंपण छाटायचं बॅटरीवरचं यंत्र घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं?

खालची उत्तरं बंगला, रो-हाउस, लहान सोसायटी आणि गच्चीवरची बाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. दुकानात बहुतेकजण व्होल्ट आणि पात्याची लांबी विचारतात. आमचं आग्रहाचं सांगणं आहे की आधी स्वतःच्या कुंपणाकडे आणि स्वतःच्या खांद्यांकडे बघा. यंत्राची निवड तिथेच जवळजवळ होऊन जाते.

आमचं कुंपण छोटंच आहे. कातरीवर भागणार नाही का?

दहा-बारा फुटांचं आणि कंबरेएवढं कुंपण असेल तर दोन्ही हातांनी चालवायची चांगली कातर पुरते, आणि तिचा काप यंत्रापेक्षा स्वच्छ येतो. तीस-चाळीस फुटांपुढे मात्र मनगटं आणि खांदे बोलू लागतात. मग छाटणी पुढे ढकलली जाते, काड्या जाड होतात आणि पुढची छाटणी आणखी जड जाते. हे चक्र तोडायचं असेल तर यंत्राचा खरा उपयोग आहे. यंत्र घेतलं तरी सिकेटर, म्हणजे काड्या कापायची एका हातातली कात्री, हाताशी लागतोच. जाड काड्या त्यानेच कापायच्या असतात.

खरेदीला जाण्याआधी काय मोजून ठेवायचं?

तीन गोष्टी. पहिली, कुंपणाचं क्षेत्रफळ. लांबी गुणिले उंची, दोन्ही बाजू धरून, अधिक माथा. समजा कुंपण ४० फूट लांब, ५ फूट उंच आणि २ फूट रुंद आहे. दोन बाजूंचे ४०० चौरस फूट आणि माथ्याचे ८०, म्हणजे ४८० चौरस फूट झाले. घाई न करता मिनिटाला साधारण पंधरा-वीस चौरस फूट होतात असं धरा. म्हणजे पात्याचं काम अर्ध्या तासाच्या आसपास. बॅटरी किती मोठी हवी, हे या आकड्यावरून ठरतं.

दुसरी गोष्ट, काड्यांची जाडी. नवीन पालवीची नव्हे, तर मागच्या छाटणीनंतर जून झालेल्या काड्यांची. पट्टी लावून पाच-सहा ठिकाणी मोजा.

तिसरी, कुंपणाच्या आत काय आहे. पुण्यात बऱ्याच ठिकाणी आधी तारेची जाळी किंवा काटेरी तार लावलेली असते आणि झुडपं नंतर वाढवलेली असतात. दोन-तीन वर्षांत तार पानांआड दिसेनाशी होते. पातं तारेला लागलं की दात तुटतो किंवा वाकतो, आणि हे नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही. हात घालून तार कुठे आणि किती उंचीवर आहे ते बघा आणि तिथे रंगीत चिंध्या बांधून ठेवा.

पुण्यात लावतात त्या झुडपांपैकी कोणत्याला काय चालतं?

डुरांटा, विशेषतः पिवळ्या पानांचा, यंत्रासाठी सगळ्यात सोपा. काड्या बारीक, फूट भरपूर, आणि चुकून जास्त कापला तरी भरून येतो. कोयनेलही तशीच. यांना पात्याच्या दोन दातांत १५-१६ मिलिमीटर अंतर असलेलं हलकं यंत्र पुरतं.

मेंदी नियमित छाटली तर सोपी, पण वर्षभर सोडून दिली की काड्या कडक आणि टोकदार होतात. कामिनी दिसायला नाजूक असली तरी तिचं लाकूड घट्ट असतं. जुन्या मेंदीला आणि कामिनीला १८-२० मिलिमीटरचं अंतर आणि जरा ताकदीची मोटर हवी.

जास्वंदीला यंत्र लावावं असं आम्हाला वाटत नाही. सालीचे धागे पात्यात अडकतात, आणि मोठी पानं अर्धी कापली जाऊन त्यांच्या कडा दोन दिवसांत तपकिरी पडतात. कळ्या जातात त्या वेगळ्याच. एक्झोराचंही तेच. या झुडपांवर सिकेटर घेऊन एकेक काडी कापली तर झाड जास्त देखणं राहतं. बोगनवेलीच्या कोवळ्या फुटीवर यंत्र चालतं. जुन्या काटेरी वेलीला जाड हातमोजे आणि लांब दांड्याचा सिकेटरच हवा.

फायकसचा पांढरा चीक पात्यावर थर धरतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून, बॅटरी काढून पातं पुसून घ्या. मोरपंखीची वरवरची हिरवी फूटच छाटा. आतल्या तपकिरी लाकडापर्यंत गेलात तर तिथे पुन्हा पालवी येत नाही आणि कायमचं भगदाड दिसत राहतं.

शेर आणि कण्हेर यांच्या बाबतीत खरोखर जपा. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, आणि यंत्राचं पातं तो चीक चारी दिशांना उडवतं. शेराला यंत्र लावूच नका. कण्हेर तर सगळीच विषारी. ती हातमोजे घालून सिकेटरने कापा, आणि तिचे तुकडे गुरांच्या किंवा शेळ्यांच्या वाटेत टाकू नका.

दातांमधलं अंतर १६ मिमी लिहिलंय, म्हणजे १६ मिमीची काडी कापली जाईल?

नाही. १६ मिमीची काडी दातांत शिरतानाच अडते. आरामात कापली जाते ती साधारण त्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश जाडीची, आणि लाकूड वाळकं असेल तर त्याहूनही कमी. काही कंपन्या 'अंतर' आणि 'कापण्याची क्षमता' असे दोन वेगळे आकडे देतात. तुम्ही दुसरा बघा.

पातं किती लांबीचं घ्यावं?

घरासाठी ४५ ते ५५ सेंटिमीटर. सरळ, लांब, सपाट भिंतीसारखं कुंपण असेल तर ५५ किंवा ६०, कारण लांब पात्याने माथा एका पातळीत येतो. कोपरे, वळणं, गोल आकार असतील तर ४५च सोयीचं. लांब पातं म्हणजे पुढे जास्त वजन, हेही ध्यानात ठेवा.

१८ व्होल्ट, २० व्होल्ट, ३६, ४०... नक्की काय फरक आहे?

१८ आणि २० मध्ये काहीच फरक नाही. दोन्ही बॅटऱ्यांत लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट, म्हणून पाचांचे १८. नुकती चार्ज केलेली बॅटरी त्याहून वर असते, म्हणून काही कंपन्या तिलाच '२० व्होल्ट मॅक्स' म्हणतात. ३६ आणि '४० मॅक्स' यांचं नातंही असंच; तिथे दहा सेल असतात. १०.८ आणि '१२ मॅक्स' म्हणजे तीन सेल.

घरच्या कुंपणाला १८ व्होल्ट पुरतात. जुनी कामिनी, लांबच लांब सोसायटीचं कुंपण किंवा दर आठवड्याचं काम असेल तर ३६चा विचार करा.

ऑनलाइन स्वस्त यंत्रांवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ', '१२८ व्हीएफ' असं ठळक छापलेलं दिसतं, त्याने हुरळून जाऊ नका. तो व्होल्टचा आकडा नसतो. आत बहुधा तेच पाच सेल असतात. ज्या बॅटरीवर खरे व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास (बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) स्पष्ट छापलेले नाहीत, ती घरात चार्जिंगला लावू नये, असं आमचं ठाम मत आहे. लिथियम बॅटरीत अतिचार्ज आणि अतिउष्णता रोखणारं सर्किट चांगलं असणं ही घराच्या सुरक्षिततेची बाब आहे.

बॅटरी एकदा चार्ज केल्यावर किती वेळ चालेल?

व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास म्हणजे वॉट-तास, बॅटरीतली एकूण ऊर्जा; तुलना त्या आकड्याने करा. १८ व्होल्ट, २ ॲम्पिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास. १८ व्होल्ट, ४ ॲम्पिअर-तास म्हणजे ७२. आणि ३६ व्होल्ट, २ ॲम्पिअर-तास म्हणजेही ७२. म्हणजे व्होल्ट दुप्पट झाले म्हणून वेळ दुप्पट होतोच असं नाही.

३६ वॉट-तासांवर कोवळी फूट छाटत असाल तर अर्धा-पाऊण तास मिळतो. जून काड्यांवर त्यापेक्षा बराच कमी. वर मोजलेलं ४८० चौरस फुटांचं कुंपण एका बॅटरीत जेमतेम बसतं. एका मोठ्या बॅटरीपेक्षा २ ॲम्पिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या बऱ्या. हातातलं वजन कमी राहतं, आणि बॅटरी बदलायला थांबलं की पातं पुसायला आणि पाणी प्यायलाही निमित्त मिळतं.

वजनाचं इतकं महत्त्व का सांगतात?

कारण हे यंत्र शरीरापासून लांब धरून चालवायचं असतं. घरगुती यंत्रं बॅटरीसह साधारण अडीच ते साडेतीन किलोंची असतात. दुकानात एक मिनिट उचलून बघितलं तर तिन्ही-चारी सारखीच वाटतात. म्हणून बॅटरी लावून, छातीच्या उंचीवर आडवं धरून चार-पाच मिनिटं उभे राहा. हात खाली यायला लागले तर अर्धा किलो हलकं यंत्र मागा, मग त्याची ताकद थोडी कमी असली तरी चालेल. थकलेल्या हातांतलं ताकदवान यंत्र कुंपणही बिघडवतं आणि अपघातही करतं.

पुण्यात बागेची निगा बऱ्याचदा निवृत्त आजी-आजोबा प्रेमाने करतात. यंत्र त्यांच्यासाठी असेल तर दुकानात त्यांनाच घेऊन जा. मुलाने स्वतःच्या हाताने तोलून घेतलेलं यंत्र बाबांना झेपेलच असं नाही. पुढची मूठ वेगवेगळ्या कोनांतून पकडता येते का, आणि मागची मूठ फिरते का, हेही बघा. उभ्या बाजू छाटताना मनगटाला त्याचा मोठा आधार होतो.

दोन्ही पाती हलणारं यंत्र घ्यावं का?

हो, परवडत असेल तर नक्की. एकच पातं हलतं तेव्हा त्याचा धक्का हातात येतो. दोन्ही पाती एकमेकांच्या उलट दिशेने हलतात तेव्हा धक्के बरेचसे एकमेकांना मारतात. थरथर कमी होते आणि कापही स्वच्छ येतो. सांधेदुखी असणाऱ्यांनी यात तडजोड करू नये.

ब्रशलेस मोटरचे जास्त पैसे मोजावेत का?

ब्रशलेस मोटरमध्ये घासणारे कार्बन ब्रश नसतात, त्यामुळे झीज आणि उष्णता कमी, आणि तेवढ्याच बॅटरीवर काम थोडं जास्त. वर्षातून सहा-आठ वेळा वापरणाऱ्या घराला साधी मोटरही वर्षानुवर्षं पुरते. सोसायटीने घेताना मात्र ब्रशलेसच घ्यावी.

घरी आधीच एका कंपनीचं बॅटरीचं ड्रिल आहे. तीच बॅटरी ट्रिमरला चालेल?

चालली तर मोठी बचत, कारण या सगळ्या खरेदीत महाग भाग बॅटरी आणि चार्जरचा असतो. त्याच मालिकेचं बॅटरीशिवायचं नुसतं यंत्र मिळतं. पण नुसतं कंपनीचं नाव बघू नका, मालिका बघा. बॉशच्या हिरव्या घरगुती यंत्रांची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्याच निळ्या व्यावसायिक यंत्रांत बसत नाही. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी मालिका वेगळी आणि ४० मॅक्सची एक्सजीटी वेगळी. स्टिलच्या एएस, एके आणि एपी याही तीन स्वतंत्र मालिका आहेत. ड्रिलची बॅटरी सोबत घेऊनच दुकानात जा आणि यंत्रात बसवून बघा.

उलट बाजूही महत्त्वाची आहे. ऑनलाइन किंमत फार आकर्षक दिसली तर खोक्यात बॅटरी आणि चार्जर आहे का, हे आधी वाचा. काही लहान यंत्रांत बॅटरी आतच बसवलेली असते. ती दमली की काम थांबतं आणि कायमची संपली की दुरुस्तीचा प्रश्न येतो. अगदी छोट्या कामाला ठीक, कुंपणाला नको.

ऑनलाइन घ्यावं की दुकानातून?

आमचा कल दुकानाकडे आहे. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात हार्डवेअर आणि अवजारांची दुकानं आहेत. अधिकृत विक्रेते उपनगरांतही असतात. दुकानात गेल्यावर किमतीआधी हे विचारा: सुटी बॅटरी केवढ्याला आणि आत्ता शिल्लक आहे का? पात्याचा जोड वेगळा मिळतो का? दुरुस्ती पुण्यात होते की यंत्र बाहेरगावी पाठवावं लागतं? बॅटरीची वॉरंटी यंत्राइतकीच आहे की कमी? चार प्रश्नांची सरळ उत्तरं देणाऱ्या दुकानदाराकडून थोडं महाग मिळालं तरी घ्या. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यायला विसरू नका.

गच्चीवरच्या कुंड्यांसाठी काय घ्यावं?

मोठा ट्रिमर नको. १०.८ किंवा १२ व्होल्टची, वीतभर पात्याची, एका हातात मावणारी छोटी यंत्रं मिळतात. बऱ्याच यंत्रांत गवत कापायचं रुंद पातंही सोबत असतं. कुंडीतली तुळस, डुरांटाचे गोल आकार, वाफ्याच्या कडा यांना ती पुरेपूर होतात. कठड्यापलीकडे वाकून मात्र छाटू नका. खाली कोण चाललंय ते दिसत नाही, आणि तोल जायला क्षण लागतो.

मुळशीकडे आमची जागा आहे, तिथे वीज भरवशाची नाही. पेट्रोलचं यंत्र बरं का?

आठवड्याच्या सुट्टीत जाऊन करण्याएवढं काम असेल तर घरून दोन-तीन बॅटऱ्या भरून नेणं सोपं पडतं. पेट्रोलचं यंत्र जड, आवाजी, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की सुरू करताना कटकट करतं. एकरभर कुंपण आणि रोजचा माणूस असेल तरच ते घ्या. एक सूचना: उन्हात उभ्या गाडीत बॅटरी ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीतली उष्णता बॅटरीचं आयुष्य झपाट्याने कमी करते.

शहरात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असण्याची सवय आपल्याला आहेच. गुरुवारी छाटायचं असेल तर बुधवारी रात्री बॅटरी भरून ठेवा.

कुंपण डोक्यापेक्षा उंच गेलंय. शिडीवर चढून छाटलं तर?

शिडीवर उभं राहून दोन्ही हात यंत्रात गुंतवणं धोक्याचं आहे. तोल सावरायला हातच उरत नाही. रुंद पायांची, न डगमगणारी घडवंची कठीण जमिनीवर ठेवून, कंबरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवरच काम करा. त्याहून वर असेल तर लांब दांड्याचा ट्रिमर घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे कुंपणच दोन-तीन छाटण्यांत पाच फुटांवर आणा.

पुण्याच्या हवेत छाटणी कधी करावी?

मोठी छाटणी, म्हणजे आकार कमी करायची, पहिला पाऊस मुरल्यावर. जमिनीत ओल असते आणि झुडूप लगेच फुटतं. त्यानंतर पावसाळाभर तीन-चार आठवड्यांनी नुसती वरवरची. ऑक्टोबरमध्ये एक नीट छाटणी केली की हिवाळाभर कुंपण रेखीव राहतं, कारण थंडीत वाढ मंदावते. मार्चअखेर ते मे या काळात खोल छाटणी टाळा. सावलीत वाढलेली आतली पानं एकदम उघडी पडतात आणि उन्हाने करपतात, त्यात पाणीकपात असेल तर झुडूप सावरत नाही.

थोडं थोडं आणि वारंवार, हेच यंत्रालाही मानवतं. कोवळ्या काड्यांवर हलकं यंत्र, लहान बॅटरी, सगळं पुरतं.

पाऊस चालू असताना किंवा ओल्या कुंपणावर वापरलं तर चालेल?

नको. यंत्राच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा स्पष्ट मनाई असते. पाय घसरतो, बॅटरीच्या खाचेत पाणी जातं, आणि ओल्या कापांवर बुरशी लवकर धरते. उघडीप मिळाली की पानं सुकू द्या आणि मग सुरू करा. श्रावणातल्या ऊन-पावसात सकाळी उशिरा असा तास-दीड तास बऱ्याचदा मिळतो.

छाटायचं कसं, म्हणजे कुंपण खालून विरळ होणार नाही?

बुंध्याकडे रुंद आणि माथ्याकडे निमुळतं ठेवा. पुण्यात बहुतेक कुंपणं उलटी वाढलेली दिसतात, वर छत्रीसारखी पसरलेली आणि खाली नुसत्या काड्या. वरच्या पानांची सावली खाली पडते म्हणून हे होतं. दोन्ही बाजूंना किंचित उतार दिला की खालपर्यंत ऊन पोचतं.

आधी बाजू, मग माथा. बाजू छाटताना पातं खालून वर, कमानीसारखं न्या; कापलेली फूट बाहेरच्या बाजूला पडते. माथ्यासाठी दोन टोकांना काठ्या रोवून सुतळी ताणा आणि तिच्या किंचित खालून चला. पातं काडीवर दाबू नका, त्याला त्याच्या वेगाने जाऊ द्या. आवाज बसल्यासारखा वाटला तर काडी जाड आहे; मागे घ्या आणि ती सिकेटरने कापा.

कुंपणात पक्ष्यांची घरटी असतात. त्यांचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं आम्हाला मनापासून कौतुक वाटतं. बुलबुल, शिंपी, मनोली हे पक्षी बागेतल्या अशाच झुडपांत घरटी करतात, आणि त्यांचा हंगाम उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पसरलेला असतो, म्हणजे नेमका आपल्या छाटणीच्या दिवसांत. आदल्या दिवशी सकाळी पंधरा मिनिटं लांब उभं राहून बघा. एखादा पक्षी चोचीत किडा घेऊन सारखा एकाच जागी शिरत असेल तर आत पिल्लं आहेत. तिथल्या दोन्ही बाजूंचे चार-पाच फूट सोडून बाकीचं छाटा. पिल्लं काही आठवड्यांत उडून जातात. कुंपण तेवढे दिवस वाकडं दिसलं तर दिसू द्या.

गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, हेही त्याच वेळी दिसतं. ते असेल तर यंत्राचा आवाज त्यांना चवताळवतो. ते काढल्याशिवाय जवळ जाऊ नका.

सुरक्षिततेसाठी किमान काय पाळावं?

डोळ्यांना बंद बाजूंचा चष्मा, हातमोजे, पूर्ण बूट, अंगाबरोबरचे कपडे. ओढणी, पदर, सैल बाही आवरून घ्या. दोन्ही मुठींवरची बटणं दाबल्याशिवाय सुरू न होणारंच यंत्र घ्या, आणि एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचा मोह कधीही करू नका. बोट पात्यापर्यंत जाऊ नये म्हणूनच ती सोय केलेली असते. काडी अडकली की आधी बॅटरी काढा, मग हात लावा. बटण सोडल्यावर थांबणं आणि बॅटरी काढणं यांत फरक आहे, आणि बोटं जातात ती याच फरकामुळे.

यंत्र माळीकाकांच्या हातात देणार असाल तर चष्मा आणि बूटही तुम्हीच द्या. आणि पहिल्या दिवशी सोबत उभं राहून सगळं समजावून सांगा. पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते.

याने अशोकाच्या किंवा आंब्याच्या फांद्या कापता येतील?

फांद्यांसाठी हे यंत्र नाहीच. शिवाय तो कायद्याचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात नागरी भागातल्या वृक्षांना १९७५च्या वृक्ष संरक्षण अधिनियमाचं संरक्षण आहे. स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी फांद्या तोडण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करून परवानगी घ्या. कुंपणाच्या झुडपांची नियमित छाटणी हा वेगळा विषय आहे.

पात्याची निगा कशी राखायची?

काम झालं की बॅटरी काढा, ब्रशने पाला झाडा, चीक रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब पात्याच्या लांबीभर सोडा. दोन सेकंद चालवून तेल पसरू द्या. पाण्याने धुऊ नका. पावसाळ्यात तेलाशिवाय ठेवलेल्या पात्यावर आठवड्याभरात गंज दिसतो.

काप चिरडल्यासारखा, टोकं पांढरट दिसू लागली की धार गेली. बारीक कानस घेऊन प्रत्येक दाताच्या मूळ उताराला धरून दोन-तीन वेळा एकाच दिशेने घासा. जमत नसेल तर दुरुस्तीच्या दुकानात द्या, पण रस्त्यावरच्या फिरत्या चाकावर नको. दातांचा उतार बदलतो आणि पातं वाया जातं.

आणि बॅटरीची?

वापरून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, अर्धा तास सावलीत ठेवा. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात चार्जिंग नको. हवा ४५ अंशांच्या जवळ गेली की बॅटरीला ते सोसत नाही. महिने-दोन महिने वापर नसेल तर निम्मी भरलेली ठेवा, पूर्ण रिकामी कधीच नाही. कोरड्या कपाटात, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, यंत्रापासून वेगळी.

आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होईल का?

पेट्रोलच्या तुलनेत खूपच कमी, पण आवाज असतोच. दुपारी एक ते चार सोडून काम करा. आजूबाजूला कोणी आजारी किंवा परीक्षेला बसलेलं असेल तर आधी विचारून घ्यावं.

छाटलेल्या पाल्याचं काय करायचं?

जाळू नका, त्याला मनाई आहे आणि धूर साऱ्या गल्लीला पोचतो. डुरांटा, मेंदी, कोयनेल यांची कोवळी फूट वाळलेल्या पाल्यात मिसळून उत्तम कंपोस्ट होतं. काड्यांचे तुकडे केले तर झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला. उरलेला बागेचा कचरा ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा ठेवा आणि कचरा नेणाऱ्या ताईंना किंवा दादांना तो कधी नेला जातो ते विचारा. काटेरी डहाळ्या पिशवीत भरून देऊ नका, जुडी बांधून द्या. त्यांच्या हाताला काटे लागतात.

बॅटरी संपली, म्हणजे धरतच नाही. कुठे टाकायची?

कचऱ्याच्या डब्यात नाही. दाबली गेली तर लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, आणि कचऱ्याच्या गाडीत दाब असतोच. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जिथून घेतली त्या विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलनात द्या. देण्याआधी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. फुगलेली किंवा तडकलेली असेल तर चार्जरला पुन्हा लावून बघू नका. घराबाहेर, उन्हापासून आणि जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि त्याच आठवड्यात पोचती करा.

जुनं यंत्र कोणाकडून घेतलं तर?

यंत्र घ्यायला हरकत नाही. पाती सरळ आहेत, दात शाबूत आहेत आणि दोन्ही बटणं नीट चालतात एवढं बघा. बॅटरी मात्र नवीनच घ्या, आणि तिची किंमत धरून सौदा परवडतो का ते ठरवा.